दादूचा ओढा

लेकीचा, मित्राचा, चहा निवला की नाही, हे तिचा बाप दादू सांगायचा. लेक सव्वीस वर्षांची झाली तरी. चार वर्षांची असताना तिचं तोंड पोळलं होतं, तेव्हापासून बशी पुढ्यात आली की ती नुसती बघत बसायची. दादूनं बशीच्या बुडाला बोट लावायचं, ‘पी, निवलाय’ म्हणायचं, की पोरगी एका दमात बशी रिकामी करायची. कमलनं सांगून चालायचं नाही. कमल जन्मदाती आई खरी, पण तो कढत चहा तिनंच दिला होता, आणि मित्राच्या डोक्यात एकदा बसलेली गोष्ट ब्रह्मदेवाच्या बापाला हलवता येत नव्हती. दादू मात्र बावीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. म्हणजे चहाच्या बाबतीत.

गोरेगावच्या पूर्वेला शूटिंगवाल्यांच्या भिंती संपल्या की झाडी लागते. त्या झाडीत नंदकिशोर शेठचा तबेला, साठेक म्हशींचा. दादू खरात जालन्याकडून इथं आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं, आणि आता कमरेला पट्टा बांधल्याशिवाय त्याच्यानं शेणाचं घमेलं उचलवत नाही. दोन वेळच्या धारा, पेंड भिजवणं, गव्हाणी धुणं, खराट्यानं फरशी खरवडणं, यात त्याची बोटं अशी झाली होती की मूठ पुरती मिटायची नाही. कमल गवत कापायच्या यंत्रावर. तबेल्यामागं पत्र्याची एक खोली शेठनं राहायला दिलेली. काम आहे तोवर खोली, काम सुटलं की बोचकं उचलायचं, असा सरळ व्यवहार.

मित्रा म्हणजे संघमित्रा. शाळेत ती चौथीपर्यंत टिकली. बाईंनी टेबलावर पट्टी आपटली की ती बाकाखाली शिरायची आणि तिथंच तिची चड्डी ओली व्हायची. पोरं गोल करून हसायची. शेवटी बाईंनी सांगितलं, घरीच ठेवा हिला. कुणी वेडी म्हणालं, कुणी हिच्या आईनं गरोदरपणी काहीतरी खाल्लं असेल म्हणालं. कमलनं सगळं ऐकून घेतलं आणि यंत्रात गवत सारत राहिली. पोरगी म्हशींतच वाढली. म्हशी तिच्या डोळ्यांत डोळे घालून बघत नाहीत, तिला हसून दाखव म्हणत नाहीत, आणि पोटात एक ओठांत एक असलं काही म्हशीच्या जातीत नसतं. तिला तिथं बरं वाटायचं.

म्हशींना नावंही तिनंच दिलेली, तीही कशी, तर जी म्हैस ज्याला भिते ते तिचं नाव. साखळी वाजली की बिचकते ती साखळीवाली. दूधवाल्यानं शीळ घातली की दूध चोरते ती शिट्टीवाली. आणि एक जाफराबादी, कपाळ उखळाएवढं, शिंगं कानामागं वळलेली, सगळ्यांत अवाढव्य आणि सगळ्यांत भित्री. समोर कुणी छत्री उघडली की दाव्यासकट खुंटा उपटायची. ती छत्रीवाली. पावसाळ्यात अख्खा तबेला छत्री बाहेरच मिटून आत यायचा, तिच्यापायी. शेठसुद्धा.

लोकांना मित्राची किंमत कळली ती ट्रकच्या फळीवर. आठ वर्षांमागची गोष्ट. म्हैस आटली, भाकड झाली, की तिला ट्रकमध्ये चढवून लावून द्यायचं, ही तबेल्याची रीत. चढवताना चार गडी लागायचे. दोघं दावं ओढणार, एक शेपटी पिरगाळणार, एक काठी घेऊन मागं. एकदा अशाच ओढाताणीत एका म्हशीचा पाय फळीच्या फटीत गेला आणि कडकन मोडला. तिचं ओरडणं ऐकून मित्रानं दोन्ही कानांवर हात दाबले आणि भिंतीवर डोकं आपटून घेतलं, रक्त येईस्तोवर. तीन दिवस ती जेवली नाही. चौथ्या दिवशी रिकामा ट्रक उभा होता, तेव्हा फळीपुढं जाऊन शेणात पोटावर झोपली, हनुवटी जमिनीला लावली, आणि अर्धा तास तशीच बघत राहिली.

उठली आणि बापाला म्हणाली, “दादू, फटीतून खाली ऊन हलतंय. तिला वाटतं जमीन फाटली. वर साखळी लोंबतेय. आणि आत अंधार आहे. तू गेला असतास का?”

दादूनं विचार केला, आपण नसतो गेलो. त्यानं फळीवर माती आणि जुनं गवत अंथरलं, दोन्ही बाजूंनी गोणपाट बांधलं, साखळीला चिंध्या गुंडाळल्या, ट्रकच्या आत एक बल्ब लावला. फळी लांब केली, चढ कमी केला. मित्रा पुढं चालली, मागं न बघता, आणि शिट्टीवाली तिच्यामागं कडब्याच्या वासानं निघाल्यागत ट्रकमध्ये जाऊन उभी राहिली. काठी नाही, शिवी नाही. शेठ तोंडात तंबाखू तशीच धरून बघत राहिला. पुढं आजूबाजूच्या तबेल्यांतून माणसं बघायला आली, त्यांनीही गोणपाटं बांधली. त्या झाडीतल्या म्हशींच्या पाठीवरचे काठीचे वळ त्या वर्षापासून कमी झाले, हे खोटं नाही.

खोटं होतं ते पुढंच.

पूर्वी भाकड म्हशी खरंच मनोरकडं शेठच्या भावाच्या शेतावर जायच्या, गाभण होऊन परत यायच्या. मित्राला हे दादूनंच सांगितलेलं, आणि ते सोळा आणे खरं होतं. पुढं भावानं शेत विकलं. मग रतन नावाचा व्यापारी ट्रक घेऊन येऊ लागला, आणि त्याचा ट्रक देवनारला जायचा, कापायला. एकदा चढवून झाल्यावर पोरीनं विचारलं, शिट्टीवाली परत का आली नाही. रतन तोंड फिरवून बिडी शोधायला लागला. शेठनं दादूकडं बघितलं. त्या बघण्यात खोली होती, काम होतं, सगळं होतं.

दादू म्हणाला, “आता त्या आपल्या गावाकडं जातात. सीताराममामा सांभाळतो. तिथं ओढा आहे, त्यांना तिथंच आवडतं.”

एवढंच. तीन वाक्यं. पण मित्राला तीन वाक्यं पुरायची नाहीत. ओढा केवढा, पाणी कुठवर, काठाला झाडं कुठली, रात्री बांधतात की मोकळ्या सोडतात. दादू सांगत गेला. गुडघाभर पाणी. सात बाभळी आणि एक करंज. करंजाखाली शिट्टीवाली बसते, कारण तिथं शीळ ऐकू येत नाही. पोरगी ऐकताना पुढं-मागं झुलायची, ती खूश असली की झुलायची तशी, आणि बापाला आणखी सुचायचं. दुसऱ्या दिवशी सात बाभळी त्याला सातच म्हणाव्या लागायच्या, कारण ती एक अक्षर विसरायची नाही. आठ वर्षांत त्या ओढ्याकाठी शंभरावर म्हशी झाल्या. दादूला आपल्या खऱ्या गावातली घरं आठवायची नाहीत, पण त्या करंजाच्या बुंध्याला कुठल्या बाजूनं ढोली आहे ते पाठ होतं.

सीताराम हा कमलचा भाऊ. जालन्यात रिक्षा चालवतो, त्यानं जन्मात म्हशीची शेपटी धरली नाही. एकदा तो मुंबईला आला तर दादूनं त्याला बसस्टॉपवरच गाठून सगळं पढवलं. बिचारा मित्रासमोर बसला, घाम पुसत, ‘हां, हां, मजेत हायती’ म्हणत राहिला. दोन दिवस राहायला आलेला माणूस सकाळीच परत गेला.

त्या सकाळी कमल नवऱ्याला म्हणाली, “तिला खोटं ओळखता येत नाही, म्हणून तुमचं फावतंय.”

दादू म्हणाला की खरं सांगितलं तर पोरगी मरेल. कमल म्हणाली, मरणार नाही, तुमच्यावरचा विश्वास मरेल, त्याला भिता तुम्ही. दादूला राग आला. माणसाला राग तेव्हाच येतो जेव्हा बाण बरोबर बसतो, पण हे त्याला कोण सांगणार. तो घमेलं घेऊन बाहेर गेला.

तेजल मॅडम आल्या त्यानंतर. अशा मुलांना शिकवायचं त्यांचं मुलुंडला केंद्र आहे. कुणाच्या तरी मोबाइलवर मित्राच्या फळीचा व्हिडिओ बघून त्या थेट तबेल्यात आल्या, चांगल्या चपला शेणात घालून. त्यांनी डॉक्टरकडं नेलं, तपासण्या झाल्या, आणि वयाच्या विसाव्या वर्षी पोरीला तिच्या असण्याचं नाव मिळालं. ऑटिझम. कमलनं विचारलं, माझ्या खाण्यापिण्यानं झालं का. मॅडम म्हणाल्या, कुणाच्याच कशानं झालेलं नाही. कमल तिथंच दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. वीस वर्षांचं रडणं होतं ते, थांबायला वेळ लागला.

मॅडम मग मित्राला शाळांतून, सभांतून न्यायला लागल्या. ती लोकांकडं पाठ करून बोलायची, पडद्याकडं तोंड करून, पण बोलायची. लोक मुलं घेऊन तबेल्यातही यायचे. घाटकोपरचा एक बाप सहा वर्षांच्या मुलीला उचलून घेऊन आला, पोरगी बूट म्हटलं की किंचाळायची, शाळेतून काढायची वेळ आलेली. मित्रा तिच्या पायाशी जमिनीवर झोपली, मोजा हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाली, हिच्या अंगठ्याला शिवण टोचते, मोजा उलटा घाला. घातला. पोरगी चालत गेली. तो बाप, चांगला बँकेतला माणूस, दादूचे शेणाचे हात हातात घेऊन उभा राहिला. त्या दिवशी दादूची छाती दोन बोटं वाढली होती. आपली वेडी म्हणवलेली लेक आज लोकांना वाट दाखवते, असं त्यानं तबेल्यातल्या सगळ्यांना दोन-दोनदा सांगितलं.

आणि मग यंदाचा उन्हाळा आला. तबेले शहराबाहेर न्या, अशी नोटीस लागली. शेठनं ठरवलं, हा धंदाच पुरे. पावसाळ्याआधी तबेला रिकामा करायचा. दुभत्या म्हशी गुजरातेत विकायच्या, बाकीच्या रतनला द्यायच्या. महिन्याला एक येणारा ट्रक आठवड्याला दोनदा यायला लागला. उन्हानं पत्रा तापायचा, म्हशी जिभा काढून धापा टाकायच्या, आणि मित्रा घामानं निथळत एकेकीला फळीवरून न्यायची. शेठनं दादूला सांगितलं होतं, शेवटची म्हैस जाईपर्यंत खोली तुझी, आणि नंतर बघू काहीतरी, पोरीच्या हातानं काम नीट होऊ दे. ओढ्याकाठी गर्दी वाढत होती. मित्रानं एकदा विचारलंसुद्धा, पाणी पुरतं का सगळ्यांना. दादू म्हणाला, पुरतं, वर धरण आहे. धरण त्या दिवसापासून झालं.

मार्चअखेर छत्रीवाली आटली. दादूनं तिच्या सडांना हात लावला आणि त्याच्या लक्षात आलं, पण त्यानं चार दिवस शेठला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी शेठनं स्वतःच बादली बघितली. येत्या मंगळवारच्या ट्रकमध्ये तिचं नाव लागलं.

त्याआधीचा रविवार म्हणजे मुलुंडचा कार्यक्रम. ऑटिझमचा दिवस म्हणून मोठा हॉल, तीनेकशे माणसं, मित्राचा सत्कार. दादूनं दाढी केली, लग्नातला पांढरा सदरा घातला, नखांतलं शेण काडीनं काढलं तरी थोडं राहिलंच. कमल तबेल्यात थांबली, धारा कुणी काढायच्या म्हणून. बापलेक बसनं गेले. मॅडमनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की टाळ्या वाजवायच्या नाहीत, हात वर करून हलवायचे. तीनशे माणसांनी आवाज न करता हात हलवले, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या दादूला हुंदका आवरेना.

मित्रा पडद्याकडं तोंड करून बोलायला लागली. “माझं नाव संघमित्रा दादू खरात. म्हैस अडते तेव्हा ती हट्ट करत नाही. तिला काहीतरी दिसतं, ते तुम्हाला दिसत नाही. तुम्ही तिच्याएवढे व्हा, पोटावर झोपा, मग दिसतं. तिला सगळं आधी दाखवायचं. आधी दाखवलं की ती भीत नाही. माझंही तसंच आहे. मला दादू सगळं आधी सांगतो. कुकरची शिट्टी होणार, चहा गरम आहे, उद्या पाहुणे येणार. लोक खोटं बोलतात, हसण्यासाठी बोलतात, मला ते कळत नाही. मग मी दादूला विचारते. दादू सांगतो ते खरं असतं.”

 मागं एक आई मुलाला मांडीवर घेऊन रडत होती. इथंच थांबली असती तर. पण मित्राला जे सांगायचं ते पूर्ण सांगायचं असतं. ती म्हशींचं पुढं काय होतं ते सांगायला लागली. सीताराममामा. गुडघाभर पाणी. सात बाभळी, एक करंज, वर धरण. मंगळवारी छत्रीवाली जाणार, तिथं छत्र्या नसतात, कारण झाडांची सावली आहे. सांगता सांगता ती झुलत होती.  दादूनं मान खाली घातली आणि स्वतःच्या नखांकडं बघत बसला.

तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. वयस्क, खादीची साडी, जखमी जनावरांसाठी काम करणाऱ्या. मनानं वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या की बाळ, गोरेगावच्या भाकड म्हशी कुठल्या ओढ्यावर जात नाहीत, देवनारला जातात, कापायला, मी स्वतः बघते दर आठवड्याला, आणि तुझ्याकडून हे काम करून घेणाऱ्यांना लाज वाटायला हवी. तेजल मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनीही इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

मित्रानं झुलणं थांबवलं. ती घाबरली नव्हती. कुणीतरी चुकीचं बोललंय, एवढंच तिला दिसत होतं, आणि चुकीचं बोललं की काय करायचं ते तिला ठाऊक होतं. ती पहिल्यांदाच लोकांकडं वळली, रांगेत बाप शोधला, आणि माइकमध्ये म्हणाली,

“दादू, सांग यांना.”

तीनशे माणसं दादूकडं बघायला लागली. तो उभा राहिला. का राहिला देव जाणे. तोंड उघडलं. खोटं बोलायचं तर आठ वर्षांचा सराव होता, एक वाक्य पुरलं असतं. पण त्या बाई रडत होत्या, आणि लेक वाट बघत होती, अगदी निर्धास्त, बशीसमोर बसते तशी. 

“दादू,” ती पुन्हा म्हणाली, “ओढा कुठं आहे ते सांग.”

दादू मटकन खाली बसला.

मित्रानं माइक जमिनीवर ठेवला, हळू, आवाज होऊ नये म्हणून, आणि पडद्यामागं गेली. तिथं ती भिंतीशी तोंड करून बसलेली सापडली. ओरडली नाही, डोकं आपटलं नाही. आपटलं असतं तर दादूला बरं वाटलं असतं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि तिच्या आणि बापाच्या मध्ये सत्काराची शाल ठेवली. भांडुप गेलं, पवई गेली, जोगेश्वरी आली, ती खिडकीबाहेरच बघत होती. दादूनं दोनदा ‘मित्रा’ म्हटलं. 

सोमवारभर ती खोलीबाहेर आली नाही. कमलनं जेवण नेलं, ते खाल्लं. चहा तसाच राहिला.

मंगळवारी दहा वाजता रतनचा ट्रक आला. मित्रा नाही म्हटल्यावर शेठचं डोकं फिरलं, म्हणाला पूर्वी पोरीवाचून ट्रक भरतच नव्हते का. गोणपाटं बांधायला कुणाला वेळ नव्हता. उघडी फळी लावली, चार गडी लागले. छत्रीवालीनं पुढचे पाय रोवले ते रोवलेच. शेपटी पिरगाळली, काठ्या पडल्या. ती फळीवर दोन पावलं चढली आणि घसरली, दोन्ही गुडघ्यांवर आदळली. कातडं सोलून निघालं, फळीवर रक्त सांडलं. तिनं मान वर करून असा हंबरडा फोडला की सगळा तबेला ओरडायला लागला. दावं दादूच्या हातात होतं. त्यानं ते सोडून दिलं आणि शेठला म्हणाला, माझ्यानं होत नाही. शेठ म्हणाला, मग आजच बोचकं बांध.

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. मित्रा आली ती कुणाकडंच न बघता. गडी आपोआप बाजूला झाले. तिनं गोणपाटं आणली, एकेक गाठ मारली. माती पसरली, गवत अंथरलं, बल्ब लावला. फळीपुढं पोटावर झोपून बघितलं. उठून रक्तावर जास्तीची माती टाकली. मग छत्रीवालीच्या गळ्याखाली हात घालून उभी राहिली, म्हशीचा श्वास खाली बसेपर्यंत. पंधरा मिनिटं गेली असतील. मग ती चालायला लागली आणि ती अवाढव्य भित्री म्हैस लंगडत तिच्यामागं ट्रकमध्ये गेली.

एरवी मित्रा खाली उतरायची. आज उतरली नाही. रतननं समजावून बघितलं, की ताई, तिकडं तुमचं काम नाही, ते बघवायचं नाही तुम्हाला. ती म्हणाली, “मला आधी बघायचंय.” एवढंच बोलली. रतन हो-नाही करत राहिला आणि शेवटी त्यानं फाळका लावून घेतला. दादू चढायला गेला तर लेकीनं त्याच्याकडं भिंतीकडं बघतात तसं बघितलं. तो पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

देवनारला फाटकाबाहेर ट्रकांची रांग होती. भर दुपार, डांबर चपलेला चिकटत होतं. फाटकाच्या आत बाहेरच्या माणसाला सोडत नव्हते, म्हशी तिथंच उतरवून फाटकापर्यंत चालत न्यायच्या होत्या. मित्रा उतरली आणि त्या तापलेल्या रस्त्यावर, माणसांच्या पायांत, पोटावर झोपली. लोक हसले, कुणी मोबाइल काढला. तिचे कोपर भाजले असणार. ती बघत राहिली. उठून रतनला म्हणाली, तो निळा पिंप हलवा, वाऱ्यानं त्यावरचं प्लास्टिक फडफडतंय. रतननं, त्या निबर माणसानं, स्वतः जाऊन पिंप हलवला.

आणि दादूला रस्त्याच्या पलीकडं एक माणूस दिसला. उन्हासाठी छत्री उघडत होता.

दादू धावला. कमरेचा पट्टा सुटला, तरी धावला. त्यानं त्या अनोळखी माणसाच्या हातातली छत्री धरून मिटवली आणि हात जोडले, की साहेब, दोन मिनिटं, पाया पडतो, दोनच मिनिटं. तो माणूस भडकला, दारू पिऊन आलास का म्हणाला, छातीवर धक्का दिला. दादू खाली पडला, पण छत्री त्यानं पोटाशी धरून ठेवली. पडल्या पडल्या त्यानं बघितलं. छत्रीवाली लेकीच्या मागं सावकाश चालत फाटकापर्यंत गेली. तिथं मित्रा थांबली. म्हशीच्या कानामागं तिनं हात ठेवला, काढला. म्हैस आत गेली. भ्याली नाही. शेपटीचा गोंडा दिसेनासा झाला तरी मित्रा तिथंच उभी होती, आणि तिच्या तोंडाचा आकार रडण्याचा होता, आवाज मात्र येत नव्हता.

परतताना ट्रक रिकामा होता. ती मागं उभी राहिली, गजाला धरून, तेवढा सगळा रस्ता.

घरी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. म्हैस चढल्यावर शेठनं बोचक्याचं नाव काढलं नव्हतं. कमलनं दोघांचे कोपर बघितले. हळद लावली, चहा टाकला. मित्रा भिंतीला टेकून बसली होती. दादू तिच्यापासून हातभर अंतरावर बसला आणि म्हणाला,

“चुकलं माझं. मी भ्यालो होतो गं.”

मित्रानं विचार केला. ती कुठलंही वाक्य ऐकलं की विचार करते, उगाच माफ केलं म्हणत नाही. मग म्हणाली, “देवनारला उतार फार आहे. गोणपाट पाहिजे. मी मॅडमना सांगणार. आत सोडत नाहीत, तर त्यांनी सांगावं. म्हशी भिऊन मरतात, ते नको.” आणि थोड्या वेळानं, “शिट्टीवाली करंजाखाली नाही.”

“नाही,” दादू म्हणाला.

“करंज नाही.”

“नाही.”

“धरण?”

दादूनं मान हलवली. तिनं एकेक करून सातही बाभळी विचारल्या. सातही वेळा त्यानं नाही म्हटलं. एवढं खरं तो आयुष्यात एका दमात बोलला नव्हता, आणि प्रत्येक नाहीला त्याचा आवाज बसत गेला.

कमलनं बशी आणून लेकीपुढं ठेवली. चहावर साय धरली होती. दादूनं सवयीनं हात पुढं केला, बशीच्या बुडाला बोट लावलं. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, चहा खरंच निवला होता.

“पी,” तो म्हणाला, “निवलाय.”

मित्रानं बशीकडं बघितलं. बापाकडं बघितलं नाही. मग तिनं आपलं बोट, त्याच भाजलेल्या हाताचं, चहात हळूच बुडवलं, थांबली, काढलं, कपड्यांना पुसलं. आणि मग बशी उचलून प्यायली.